मुलांमधील डेंग्यू : ताप उतरल्यानंतरचे ४८ तास

डेंग्यू हा एडिस जातीच्या डासामुळे पसरणारा विषाणूजन्य ताप आहे. सरकारी कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘डेंगी’ किंवा ‘डेंगू’ असाही आढळतो. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर आणि ठाणे या पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की रुग्ण दिसू लागतात आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या काळात त्यांची संख्या वाढते. बहुतेक मुले आठवडाभरात घरीच बरी होतात. मात्र काही मुलांची प्रकृती अचानक बिघडते. ती बहुधा ताप चढलेला असताना नव्हे, तर ताप उतरल्यावर बिघडते.

तापाचा आकडा खाली आला की पालकांचा जीव भांड्यात पडतो. रात्रीची जागरणे संपतात, आईवडील पुन्हा सकाळची लोकल पकडतात आणि मूल आजीकडे किंवा शेजारी सोपवले जाते. डेंग्यूमध्ये नेमके हेच एक-दोन दिवस सर्वांत जास्त लक्ष देण्याचे असतात. या काळात काय पाहायचे, काय मोजायचे आणि रुग्णालयात कधी जायचे, हे आधीच ठाऊक असले तर मोठा धोका टळू शकतो.

डेंग्यू कशामुळे होतो?

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण होऊन गेली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, परंतु उरलेल्या तीन प्रकारांपासून मिळत नाही. त्यामुळे एकाच मुलाला आयुष्यात एकापेक्षा अधिक वेळा डेंग्यू होऊ शकतो. दुसऱ्या वेळी वेगळ्या प्रकाराचा विषाणू आला, तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. पहिल्या वेळी तयार झालेली प्रतिपिंडे नव्या प्रकाराला पूर्ण रोखू शकत नाहीत. उलट, कधी कधी त्याला पेशींमध्ये शिरायला मदतच करतात.

एडिस डास दिवसा चावतो. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत तो जास्त सक्रिय असतो. म्हणजे शाळेत जाण्याची आणि सोसायटीच्या आवारात खेळण्याची वेळ हीच त्याचीही वेळ असते. बाधित डास चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी ताप येतो. डेंग्यू हवेतून किंवा स्पर्शातून पसरत नाही. मात्र ताप असलेल्या मुलाला चावलेला डास पुढे घरातील इतरांना आजार देऊ शकतो. म्हणून आजारी मुलाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे.

आजाराचे तीन टप्पे

पहिला टप्पा तापाचा. तो २ ते ७ दिवस चालतो. ताप एकाएकी येतो आणि बऱ्याचदा १०२ ते १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत जातो.

दुसरा टप्पा धोक्याचा. तो साधारणपणे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. प्रत्येक मूल या टप्प्यात गंभीर होत नाही. बरीच मुले यातून सहज पार पडतात.

तिसरा टप्पा बरे होण्याचा. पुढील दोन-तीन दिवसांत भूक परत येते, लघवी भरपूर होते आणि मूल पुन्हा खेळू-बोलू लागते.

दुसऱ्या टप्प्यात शरीरात काय घडते, हे समजले की पुढच्या सगळ्या सूचनांचा अर्थ लागतो. रक्तातील पाण्यासारख्या भागाला प्लाझ्मा म्हणतात. डेंग्यूमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती काही काळ गळक्या होतात आणि हा प्लाझ्मा वाहिन्यांबाहेर, पोटाच्या व छातीच्या पोकळीत झिरपतो. वाहिन्यांमध्ये उरलेले रक्त दाट होते आणि त्याचे एकूण प्रमाण घटते. गळती फार झाली तर मेंदू, मूत्रपिंड आणि यकृत यांना पुरेसे रक्त मिळत नाही. यालाच डेंग्यू शॉक म्हणतात. बाहेर एक थेंबही रक्त न सांडता मूल शॉकमध्ये जाऊ शकते. म्हणून रक्तस्राव होत नाही, एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही.

ही गळती एक-दोन दिवसांत आपोआप थांबते. तेवढा काळ शरीरातील द्रवाचे प्रमाण योग्य राखले, तर मूल वाचते. गंभीर डेंग्यूवर वेळेत उपचार झाले नाहीत तर मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. वेळेत ओळख आणि नीट देखरेख झाली तर ते १ टक्क्याच्या खाली येते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डेंग्यूच्या विषाणूला मारणारे औषध अजून वापरात नाही. हा सगळा फरक देखरेखीमुळे आणि द्रव योग्य वेळी, योग्य प्रमाणात दिल्यामुळे पडतो.

सुरुवातीला डेंग्यू कसा ओळखावा?

मोठी मुले डोके, डोळ्यांच्या मागे, अंग आणि सांधे दुखत असल्याचे सांगतात. चेहरा लालसर दिसतो, मळमळते, जेवण नकोसे होते. लहान मुलांना हे सांगता येत नाही. ती किरकिर करतात, अंगाला हात लावू देत नाहीत आणि खाणे थुंकून टाकतात. काहींना जुलाब होतात, काहींना घसा लाल होऊन थोडा खोकला येतो. तापाने झटकेही येऊ शकतात. त्वचेवर बारीक लाल ठिपके दिसले, तर त्यावर काचेचा पेला किंवा बोट दाबून पाहावे. दाबल्यावरही न जाणारे ठिपके त्वचेखालील सूक्ष्म रक्तस्रावाचे असतात.

पहिल्या दोन दिवसांत डेंग्यू आणि साधा विषाणूजन्य ताप यांत केवळ पाहून फरक करणे डॉक्टरांनाही कठीण जाते. नाक वाहणे आणि शिंका हीच मुख्य तक्रार असेल तर डेंग्यूची शक्यता कमी असते, पण ती शून्य नसते. कल्याण परिसरात याच दिवसांत मलेरिया, चिकुनगुनिया, टायफॉइड आणि लेप्टोस्पायरोसिसही आढळतात. मूल साचलेल्या पाण्यातून चालले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोचा विचार त्यावरून होतो आणि त्यावर प्रतिजैविके लागतात. थंडी वाजून येणाऱ्या तापात मलेरियाचीही तपासणी करून घ्यावी. पावसाळ्यात मुलाला दोन दिवसांपेक्षा जास्त ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. एक वर्षाखालील बाळाला पहिल्याच दिवशी दाखवावे.

कोणत्या तपासण्या, आणि केव्हा?

एनएस-१ ही तपासणी विषाणूच्या एका प्रथिनाचा शोध घेते. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत ती उपयोगी असते. त्यानंतर आयजीएम या प्रतिपिंडाची तपासणी केली जाते. पाचव्या दिवसाच्या आधी केलेली आयजीएम तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. एनएस-१ निगेटिव्ह आली तरीही डेंग्यू नाही असे खात्रीने म्हणता येत नाही, विशेषतः दुसऱ्यांदा लागण झालेली असेल तर. पट्टीवर झटपट होणाऱ्या तपासणीपेक्षा एलायझा पद्धतीची तपासणी अधिक भरवशाची असते. राष्ट्रीय कार्यक्रमात निश्चित निदानासाठी एलायझाच ग्राह्य धरतात. त्यासाठीचे आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तयार करते.

निदानाची तपासणी एकदा पुरते. देखरेखीची तपासणी मात्र पुन्हा पुन्हा करावी लागते. ती म्हणजे साधी सीबीसी. पहिली सीबीसी तापाच्या पहिल्या तीन दिवसांत करून घेतली, तर मुलाचे मूळचे आकडे हाती राहतात. तिसऱ्या दिवसापासून ताप उतरल्यानंतर किमान एक-दोन दिवस डॉक्टर ती रोज करायला सांगू शकतात. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, म्हणजे आकड्यांची तुलना सोपी जाते.

अहवालात तीन ओळी पाहाव्यात. पहिली पांढऱ्या पेशींची. डेंग्यूमध्ये त्या बहुधा आधी घटतात आणि धोक्याचा टप्पा जवळ आल्याची ही खूण असते. दुसरी प्लेटलेटची. तिसरी हेमॅटोक्रिटची. काही अहवालांत तिला पीसीव्ही म्हटलेले असते. एकूण रक्तात तांबड्या पेशींनी किती टक्के जागा व्यापली आहे, हे ती सांगते. प्लाझ्मा गळला की रक्त दाट होते आणि हा आकडा वाढतो. मूळच्या आकड्यापेक्षा तो २० टक्क्यांनी वाढला, तर गळती लक्षणीय आहे असे समजतात.

इथे मुलाच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी तुलना महत्त्वाची असते. मूळ हेमॅटोक्रिट ३४ असलेल्या मुलाचा आकडा ४१ झाला, तर तो प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत बसूनही वाढ २० टक्क्यांहून अधिक असते. रक्तक्षय असलेल्या मुलांत हा घोटाळा सहज होतो. अहवालावर आकडा ‘नॉर्मल’ दिसतो, पण त्या मुलाच्या दृष्टीने तो बराच वाढलेला असतो.

प्लेटलेटच्या आकड्याचे खरे महत्त्व किती?

प्लेटलेटची सर्वसाधारण संख्या दर मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असते. डेंग्यूमध्ये ती एक लाखाखाली जाणे नेहमीचे आहे. ती वेगाने घसरत असेल आणि त्याच वेळी हेमॅटोक्रिट वाढत असेल, तर तो धोक्याचा इशारा आहे. एकट्या प्लेटलेटच्या आकड्यावरून मात्र मूल किती आजारी आहे हे ठरत नाही. प्लेटलेट ४० हजार असलेले, पण नीट पिणारे, लघवी करणारे आणि हातपाय उबदार असलेले मूल हे प्लेटलेट ९० हजार असलेल्या, पण हातपाय गार पडलेल्या आणि पोट धरून रडणाऱ्या मुलापेक्षा जास्त सुरक्षित असते.

म्हणूनच केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवत नाहीत. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवण्याचा विचार संख्या १० हजारांच्या खाली गेल्यावर होतो. लक्षणीय रक्तस्राव असेल, तर निर्णय वेगळा होतो. चढवलेल्या प्लेटलेट डेंग्यूमध्ये फार काळ टिकत नाहीत, त्यांची प्रतिक्रिया येऊ शकते आणि शरीरात द्रवाचा भार वाढतो. नातेवाईक रक्तपेढ्यांच्या रांगेत उभे असताना मुलाच्या लघवीकडे आणि नाडीकडे कोणाचे लक्ष नसणे, हे जास्त घातक ठरते.

पपईच्या पानांचा रस बऱ्याच घरांत दिला जातो. काही लहान अभ्यासांत त्याने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे दिसले आहे. मात्र प्लाझ्माची गळती किंवा शॉक त्याने टळतो, असा भक्कम पुरावा नाही. हा रस कडू असतो आणि मुले तो उलटून टाकतात. उलट्यांमुळे अंगातले पाणी कमी होतेच, शिवाय उलट्या आजाराच्या की रसाच्या हे कळेनासे होते. मुलाला जे पोटात टिकते ते पाजणे अधिक फायद्याचे.

घरी काळजी कशी घ्यावी?

इशाऱ्याची चिन्हे नसतील, मूल तोंडाने पीत असेल आणि डॉक्टर रोज पाहत असतील, तर घरी उपचार करता येतात.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यावे. मात्रा वजनावर ठरते : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशी वेगवेगळ्या ताकदीची सिरप मिळतात. बाळांसाठीचे थेंब तर याहून दाट असतात. ‘एक चमचा’ असे तोंडी सांगितलेले प्रमाण बाटली बदलली की चुकते. बाटलीवरचा आकडा डॉक्टरांना वाचून दाखवावा आणि मिलिलिटरमध्ये मात्रा लिहून घ्यावी. ठरलेल्या मात्रेने ताप पूर्ण उतरला नाही तरी जादा औषध देऊ नये. त्याने यकृताला इजा होऊ शकते आणि डेंग्यूमध्ये यकृत आधीच सुजलेले असते. कोमट पाण्याने अंग पुसावे.

आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन ही औषधे देऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव आणि जठराला इजा होण्याचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेली मिश्र सिरप अनेक घरांत आधीच्या आजारपणातली उरलेली असतात. बाटलीवरील घटकांची नावे वाचल्याशिवाय ती वापरू नयेत. प्रतिजैविकांचा डेंग्यूवर उपयोग होत नाही आणि स्टिरॉइडनेही फायदा होत नाही.

पाजणे हा घरच्या उपचाराचा मुख्य भाग आहे. १० किलो वजनाच्या मुलाला दिवसभरात सुमारे १ लिटर आणि २० किलोच्या मुलाला सुमारे दीड लिटर द्रव लागतो. ओआरएस, तांदळाची पेज, डाळीचे पाणी, ताक, शहाळ्याचे पाणी, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत आणि दूध यांपैकी मुलाला जे आवडेल ते चालते. नुसते पाणी भरपूर पाजू नये, कारण क्षारही लागतात. ओआरएसची मोठी पुडी १ लिटर पाण्यात आणि छोटी २०० मिलिलिटर पाण्यात एकदम पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. दुकानात मिळणारी गोड फळपेये म्हणजे ओआरएस नव्हे. उलटी होत असेल तर दहा मिनिटे थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे स्तनपान चालूच ठेवावे. बीटचा रस, लाल किंवा काळसर सरबते टाळावीत, म्हणजे उलटीत रक्त आले तर ते ओळखता येते.

दिवस कसे मोजावेत?

ताप नेमका कधी सुरू झाला, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवणे फार उपयोगी पडते. समजा, सहा वर्षांच्या मुलीला सोमवारी संध्याकाळी ताप आला. गुरुवारी संध्याकाळी तिचे तीन दिवस पूर्ण होतील. शुक्रवारी सकाळी औषध न देताही ताप आला नाही, तर शुक्रवार सकाळ ते रविवार सकाळ हे तिचे निगराणीचे ४८ तास. शुक्रवारी तिला शाळेत पाठवणे किंवा आईवडील दोघांनीही कामावर जाणे योग्य नाही. सुट्टी काढायचीच असेल तर पहिल्या दिवसापेक्षा या दिवसांसाठी राखून ठेवावी.

पॅरासिटामॉल दिल्यानंतर चार-सहा तास ताप कमी दिसतो. त्याला ताप उतरणे म्हणत नाहीत. म्हणून तापाच्या आकड्यासोबत औषधाची वेळही लिहावी.

दिवसभर मुलाजवळ आजी, मावशी किंवा शेजारच्या काकू असतील, तर एक वही त्यांच्या हाताशी ठेवावी. दर चार तासांनी तीत पुढील नोंदी कराव्यात :

- ताप किती आणि औषध किती वाजता दिले
- काय आणि किती प्यायले
- लघवी किती वाजता झाली आणि रंग कसा होता
- उलटी किंवा जुलाब किती वेळा
- हातपाय उबदार की गार
- पोटात दुखते का
- मूल खेळते, बोलते की सुस्त आहे

ही वही डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी. काल दुपारनंतर लघवी झाली की नाही, हे आठवून सांगण्यापेक्षा लिहिलेली वेळ खात्रीची असते. डायपर वापरणाऱ्या बाळाचे डायपर किती वेळा जड झाले ते मोजावे.

रक्तप्रवाहाची एक सोपी चाचणी घरी करता येते. मुलाच्या बोटाचे टोक किंवा तळपाय हलकेच पाच सेकंद दाबून सोडावा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. उशीर होत असेल आणि हात गार लागत असतील, तर रुग्णालयात निघावे.

धोक्याची चिन्हे

खालीलपैकी एक जरी चिन्ह दिसले, तरी दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे. रात्र असली तरी थांबू नये.

- पोटात सतत किंवा जोरात दुखणे
- २४ तासांत तीन किंवा अधिक उलट्या, किंवा काहीच पोटात न टिकणे
- हिरड्या किंवा नाकातून रक्त, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी
- सहा तास लघवी न होणे
- हातपाय गार, घामेजलेले किंवा निळसर-फिकट पडणे
- ग्लानी, सतत झोपून राहणे, किंवा उलट विलक्षण अस्वस्थता व चिडचिड
- उठून बसवल्यावर चक्कर येणे
- श्वास जलद होणे, पोट फुगणे
- झटके येणे

वयात आलेल्या मुलींना या काळात पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव होऊ शकतो. त्या संकोचाने सांगत नाहीत, म्हणून आईने विचारावे.

ताप गेल्यावर मूल खायला मागू लागले, टीव्ही लावायला सांगू लागले, तर ते बरे होत आहे. ताप गेला आणि मूल आधीपेक्षा मलूल झाले, तर ते धोक्यात आहे. साध्या विषाणूजन्य तापात हा दुसरा प्रकार सहसा घडत नाही.

शॉकमधील मुलाबाबत एक गोष्ट अनेकदा फसवते. मूल शुद्धीवर असते, प्रश्नांची उत्तरे देते आणि रक्तदाबाचा वरचा आकडाही ठीक दिसतो. लहान मुलांचे शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करून रक्तदाब शेवटपर्यंत सांभाळून धरते. म्हणून डॉक्टर वरच्या आणि खालच्या आकड्यांतील फरक पाहतात. हा फरक २० किंवा त्याहून कमी झाला, तर तो शॉक मानला जातो. रक्तदाब ९० आणि ७५ असेल, तर ९० हा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण १५ चा फरक धोका दाखवतो.

काही मुलांना इशाऱ्याची चिन्हे नसतानाही दाखल करण्याचा सल्ला दिला जातो. एक वर्षाखालील बाळे, लठ्ठ मुले, हृदयविकार, मधुमेह, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेली मुले यांत येतात. बाळांमध्ये आईकडून आलेली प्रतिपिंडे काही महिन्यांनी क्षीण होतात. त्या वयात पहिलीच लागणही गंभीर होऊ शकते.

रुग्णालयात काय केले जाते?

मुख्य उपचार शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनचा असतो. मात्र ते मोजून द्यावे लागते. कमी पडले तर शॉक येतो आणि जास्त झाले तर तेच पाणी छातीत-पोटात साठून श्वास कोंडतो. म्हणून नाडी, रक्तदाब, हातापायांची उष्णता आणि लघवी वारंवार तपासतात, हेमॅटोक्रिट काही तासांनी पुन्हा करतात आणि त्यानुसार सलाइनचा वेग बदलतात. गळती थांबली की सलाइनही कमी करून बंद करतात. ‘अशक्तपणा आहे, अजून एक बाटली लावा’ असा आग्रह पालकांनी धरू नये. तसेच, मूल तोंडाने नीट पीत असेल तर ‘लवकर बरे वाटावे’ म्हणून दवाखान्यात सलाइन लावून घेण्याने गळती टळत नाही.

कल्याणमध्ये महापालिकेचे बाई रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय आहे. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आणि कळव्याला वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. परळचे वाडिया हे खास मुलांचे रुग्णालय आहे. गंभीर मुलासाठी बालरोगतज्ज्ञ, दर काही तासांनी सीबीसी आणि गरज पडल्यास मुलांचा अतिदक्षता विभाग लागतो. जवळच्या कोणत्या रुग्णालयात या सोयी रात्रीही मिळतात, हे तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. शिळफाट्याची किंवा पत्री पुलाजवळची वाहतूक कोंडी सर्वांच्या परिचयाची आहे. मूल गार पडले असेल तर थेट मुंबईची वाट धरू नये. आधी जवळच्या रुग्णालयात सलाइन सुरू करून घ्यावे आणि मग रुग्णवाहिकेतून हलवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.

घरी सोडताना डॉक्टर केवळ प्लेटलेट पाहत नाहीत. औषधाशिवाय किमान एक-दोन दिवस ताप नसणे, भूक लागणे, लघवी चांगली होणे, श्वासाचा त्रास नसणे, हेमॅटोक्रिट स्थिर असणे आणि प्लेटलेट ५० हजारांच्या वर जाऊन चढत्या दिशेने असणे, या सगळ्यांचा एकत्र विचार होतो.

बरे होताना

या टप्प्यात अंगावर लाल पुरळ उठते आणि त्यात मधे मधे पांढरे ठिपके राहतात. तळहात-तळपायांना खाज सुटते. नाडी थोडी मंद होते. ही सुधारणेची चिन्हे असतात, त्यामुळे घाबरू नये. थकवा एक-दोन आठवडे राहू शकतो. प्लेटलेट सामान्य होईपर्यंत सायकल, कुस्ती, क्रिकेटसारखे मार लागण्याचे खेळ टाळावेत आणि स्नायूत इंजेक्शन घेऊ नये. या वेळी डेंग्यू झाल्याची नोंद मुलाच्या फाइलमध्ये ठेवावी, कारण पुढच्या वेळी ताप आल्यावर ती डॉक्टरांना उपयोगी पडते.

पुन्हा होऊ नये म्हणून

एडिस डास गटारापेक्षा घरातल्या आणि आवारातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाणी रोज किंवा पुरेसे येत नाही अशा चाळींत आणि वस्त्यांत पिंपे, ड्रम आणि टाक्या भरून ठेवाव्याच लागतात. त्यांना घट्ट झाकण किंवा दाट कापड बांधावे. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घड्या, जुने टायर, नारळाच्या करवंट्या आणि बांधकामावरील लिफ्टचे खड्डे ही नेहमीची ठिकाणे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळला तर साखळी तुटते. नुसते पाणी ओतून भागत नाही. पिंपाच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे आतील बाजू घासून काढावी.

मुलांना शाळेत आणि खेळायला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. डास पळवणारे मलम दोन महिन्यांखालील बाळाला लावू नये. मोठ्या मुलांनाही ते हाताच्या पंजांवर आणि डोळ्यांजवळ लावू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि पॅनेशिया बायोटेक यांनी ‘डेंगीऑल’ या स्वदेशी लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली. ती निरोगी प्रौढांवर आहे. मुलांसाठी डासांपासून बचाव आणि तापाच्या दिवसांतील नीट देखरेख हे हाती असलेले उपाय आहेत.

घरात एका मुलाला डेंग्यू झाला असेल, तर पुढचे दोन आठवडे भावंडांच्या तापाकडेही लक्ष ठेवावे आणि कोणालाही ताप आला तर त्याची तारीख व वेळ त्याच वहीत लिहावी.